लांजेवार सरांची घरवही

माझ्या नागपूरच्या दवाखान्यात भिंतीवर चार प्रमाणपत्रं टांगलेली आहेत. एकावरही लांजेवार सरांची सही नाही. मी जो काही डॉक्टर झालो तो त्यांच्यामुळे, असं मी सत्कारसमारंभांतून बरेचदा बोललो आहे. लोकांना असं बोललेलं आवडतं. त्याच्या पुढचं मात्र कधी बोललो नाही, ते आज लिहून टाकतो. सर आता नाहीत, तेव्हा त्यांना त्याचा काही उपयोग नाही. आणि मला शाबासकी नको आहे.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मेडिसिनमध्ये एम.डी. करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना तीन वर्षांतले सहा महिने भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात काढावे लागत. तीस खाटांचा दवाखाना होता. तिथले फिजिशियन म्हणजे लांजेवार सर, आणि त्यांना एम.डी.चे शिक्षक म्हणून रीतसर मान्यता होती. एका वेळी आम्ही तिघे जात असू. नागपूरहून पॅसेंजरनं भंडारा रोड, म्हणजे वरठीला उतरायचं, तिथून एस.टी., आणि एस.टी. जिथे सोडेल तिथून पायी. मी निघालो तेव्हा वसतिगृहातल्या मित्रांनी मला हार घातला आणि काळ्या पाण्याच्या शिक्षेसाठी शुभेच्छा दिल्या.

सर मूळचे जवळच्याच करडी गावचे. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाढलेला मुलगा नागपूरला गेला, पहिल्या नंबरानं एम.डी. झाला आणि परत आला. गेला ते सगळ्यांना समजलं होतं, परत का आला ते कुणालाच कळत नव्हतं. 'तिकडे काही भानगड केली असेल,' असं आमच्या कॉलेजातले मोठे प्राध्यापकसुद्धा चहा पिताना सांगत. बुटका, सावळा, कानांवर केस उगवलेला माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, टायरच्या चपला, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टेथोस्कोप आणि जेवणाचा डबा एकत्रच असायचे, त्यामुळे स्टेथोस्कोपला कायम लसणाच्या चटणीचा वास येई.

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे एक रुग्ण मांडला. अस्खलित इंग्रजीत, पुस्तकात असतो त्या क्रमानं, एकही शब्द न अडखळता. सर रुग्णाच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून डोळे मिटून ऐकत होते. ते खुर्चीवर कधी बसत नसत. माझं संपल्यावर त्यांनी दोन प्रश्न इंग्रजीत विचारले, असे की माझ्या इंग्रजीचा फुगा तिथेच फुटला. मग त्यांच्या नेहमीच्या बोलीत म्हणाले, "हे सारं ठीक आहे बाबू. आता मले सांग, याच्या घरी रांधते कोण?"

"सर, ते हिस्टरीत येत नाही."

"मंग हिस्टरी पुरी झाली नाई. जा, काढून आण."

वॉर्डातले सगळे रुग्ण हसले. मला सरांचा असा राग आला की त्या रात्रीच परत जावं. सर विद्यार्थ्याची चूक कधीच झाकून ठेवत नसत. चुकला तर रुग्णासमोर, सिस्टरसमोर, झाडूवालीसमोर बोलत. पुढे समजलं की रुग्णासमोरच बोलायचं, असा त्यांचा आग्रह होता. चूक त्याच्या अंगावर झाली, तर ती त्याला कळली पाहिजे. हे तत्त्व म्हणून फार थोर आहे. सोसायला फार वाईट होतं.

हात मात्र देवाचा. छातीवर तळवा ठेवून झडपेचा आजार ओळखायचे, आणि मग आम्हाला तसाच तळवा ठेवून पाव पाव तास बसवून ठेवायचे. "ऐकू नको, ऐकायची घाई करू नको. हाताले सांगू दे." औषधाची चिठ्ठी एस.टी.च्या तिकिटाच्या मागे मावली पाहिजे, त्याहून लांब झाली तर फाडायचे. एकदा औषध कंपनीचा माणूस आम्हा तिघांना टॉनिकच्या बाटल्या देऊन गेला. सरांनी त्या आमच्याच हातानं बेसिनमध्ये ओतायला लावल्या आणि रिकाम्या बाटल्या धुऊन रॉकेलसाठी सिस्टरला दिल्या.

पण हे सगळं वरवरचं. त्यांचं खरं शिक्षण घरवहीत होतं.

घरवही हा त्यांचाच शब्द. नियम असा की ज्या विद्यार्थ्यानं रुग्णाला सुट्टी दिली त्यानं आठ दिवसांच्या आत त्याच्या घरी जायचं. सायकलनं, बैलगाडीनं, नदी उतरून, कसंही. घर बघायचं, चूल बघायची, पाणी कुठून येतं ते बघायचं, गोळ्या कुठे ठेवल्या आहेत आणि कोण देतं ते विचारायचं, घरात आणखी कुणाला काय होतंय ते पाहायचं. परत येऊन लाल कापडी बांधणीच्या त्या जाड वहीत लिहायचं. खाली सही करायची नाही. मी कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, "सही केली की माणूस शोभेसाठी लिहिते." त्यांचा माणसांवर असा काही विश्वास होता की तो आता आठवला तरी चीड येते.

ह्या वहीचा उपयोग काय, ते मला एका सालदारामुळे कळलं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणारा गडी. पस्तिशीचा माणूस, पाय लाकडासारखे ताठ, चवड्यांवर कात्रीसारखी पावलं टाकत चालायचा. आम्हा तिघांचं मणक्याच्या क्षयापासून मज्जारज्जूच्या गाठीपर्यंत सगळं लिहून झालं होतं. सरांनी त्याचं घर बघायला आम्हाला बरोबर नेलं. मातीच्या कोठीत हात घालून त्यांनी मूठभर दाणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. लाखोरी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत बी फेकलं की कसल्या मेहनतीशिवाय येणारी डाळ. अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही. महिनोन्‌महिने तीच पोटात गेली की पाय आखडतात, आणि आखडलेले पाय पुन्हा सुटत नाहीत. विकायला तिला बंदी होती. पण मजुरीच्या मापात घालायला कोण अडवणार? सालदाराच्या मालकाकडून वर्षभर तीच येत होती.

तसेच आम्हाला घेऊन सर त्या मालकाच्या ओसरीवर गेले. मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, जाऊन जमाना झाला होता, पण गाव त्याला मालगुजारच म्हणे.

"मालक, तुमच्या घरी कोणती डाळ शिजते?" सरांनी विचारलं.

"तुरीची. काहून?"

"मंग गड्याले काहून लाखोरी?"

"तो मागते म्हणून देतो, डॉक्टरसाहेब."

"आता तो पाय मागून राहिला. देता काय?"

मालगुजार हसला. आमच्यासाठी चहा मागवला आणि पानाचा डबा पुढे करत अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या बापानं आमच्याच घरची लाखोरी खाल्ली. अन् तुमी तं डॉक्टर होऊन धडधाकट चालून राहिले. डाळीले कायले दोष देता?"

सरांनी चहा घेतला नाही. परतताना सायकल हातात धरून चालता चालता, आमच्याकडे न बघता म्हणाले, "माझा बाप चाळीस वर्षांचा होता तवा बुडावर घसरत बांधीपर्यंत जाये. त्याले मालूमच नव्हतं काहून ते. मलेबी कॉलेजात गेल्यावर समजलं."

त्या दिवसानंतर ते परत का आले, हे मी कुणाला विचारलं नाही.

घरवहीत लाखोरीची घरं त्यांनी वेगळ्या शाईनं खूण करून ठेवली होती. कितीतरी वर्षांची, मागच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी लिहिलेली. त्या नोंदींवरून ते सरकारला अहवाल पाठवणार होते. मजुरीत लाखोरी देणं गुन्हा ठरवा, एवढीच मागणी. वही हाच त्यांचा पुरावा होता. 'एक तरी पोट्टा इथं राहून हे पुढं चालवन' अशी त्यांना आशा होती. ती त्यांनी माझ्याजवळ एकदाच बोलून दाखवली, आणि मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

आता माझं सांगतो.

तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. मुलगी नागपूरची. शनिवारची दुपारची पॅसेंजर पकडली की रविवार तिच्याबरोबर, असा माझा बेत प्रत्येक आठवड्याला असे. त्या सुमारास हृदयाची झडप अरुंद झालेली एक बाई माझ्याकडे होती. अंगावर सूज, धाप, झोपता येत नाही. पंधरा दिवसांत सरांनी आणि मी तिला उभी केली. हसत हसत, एका जागी न थांबता बोलणारी बाई. हृदयाची गोळी आणि लघवीची गोळी देऊन मी तिला सुट्टी दिली. तिचं गाव नदीपलीकडे. आठवा दिवस शनिवार होता.

मी गेलो नाही. वॉर्डातल्या टेबलावर बसून घरवहीत लिहिलं: 'घर पाहिले. कौलारू, दोन खोल्या. पाणी विहिरीचे. गोळ्या फळीवर, सासू देते.' चार ओळी. अशा शंभर नोंदी वाचलेल्या, त्यामुळे खोटी लिहायला दोन मिनिटं लागली. गाडीही मिळाली.

दोन आठवड्यांनी ती बैलगाडीतून परत आली. छातीत पाणी भरलेलं, ओठ निळे. बरोबर तिची जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई गेली. सरांनी जावेला शेजारी बसवलं आणि गोळ्या कशा दिल्या ते विचारलं. जावेचा उजवा पाय हत्तीपायानं खांबासारखा झाला होता.

"रोजच्या रोज घेतल्या जी," जाऊ म्हणाली. "तिले सूज, मलेबी सूज. दोघी अर्धी अर्धी घेत होतो. घरात आलेली चीज एकटीनं कशी खावं?"

"सासू देत होती काय गोळ्या?"

"सासूले मरून चार वर्सं झाले, डॉक्टरसाहेब."

तिच्या घरी एकदा गेलो असतो तर दारातच तो पाय दिसला असता. दिसला असता तर विचारलं असतं. तेवढंच करायचं होतं. वाटून खाणं ही त्या घरांची रीत, त्यात जावेचा काय दोष? सरांनी घरवही उघडली, ते पान वाचलं आणि वही मिटून कपाटात ठेवली. आम्ही तिघेही तिथेच उभे होतो. ते कुणालाच काही बोलले नाहीत. रुग्णासमोर बोलायची त्यांची रीत, आणि रुग्ण तर गेला होता. मी सुटलो असं मला वाटलं. होय, पहिलं तेच वाटलं.

पण मालगुजाराचे हात लांब होते. डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव फिरतो, मजुरांना भडकवतो, शिक्षणाच्या नावानं भलतंच चालतं, अशी तक्रार त्यानं वर नेली. महिन्याभरात तिघांची समिती आली. त्यांना ह्या बाईचीही बातमी लागलेली होती. कुणी लावली ते सांगायला नको. अध्यक्षांनी घरवही मागून घेतली, नेमकं ते पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

"सासू औषध देते," ते म्हणाले. "चार वर्षांपूर्वी वारलेली सासू. भूत येत होतं का, डॉक्टर?" बाकीचे दोघे हसले. "ही नोंद कोणाची?"

सर म्हणाले, "वॉर्ड माझा आहे. नोंद माझी समजा."

"मग बाकीच्या सगळ्याही अशाच समजायच्या का?"

अध्यक्षांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांचा चहा आला. सर बाहेर जाऊन अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. मी दहा पावलांवर होतो. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की ही एक नोंद माझी आहे, खोटी आहे, बाकीच्या खऱ्या आहेत. एका विद्यार्थ्याला शिक्षा झाली असती आणि वही वाचली असती. हे मला तेव्हाही पूर्ण कळत होतं. पण त्या तिघांतले एक जण माझे परीक्षक होणार होते आणि परीक्षा चार महिन्यांवर होती. चहा पिऊन झाला. मी तिथेच उभा होतो.

नोंदी विश्वासार्ह नाहीत, असं कारण देऊन दवाखान्याची शिक्षणकेंद्र म्हणून असलेली मान्यता काढली गेली. लाखोरीचा अहवाल त्याच कारणानं परत आला. आम्ही तिघे दोन महिने आधीच नागपूरला परतलो. मित्रांनी आमची शिक्षा माफ झाली म्हणून जेवण दिलं, आणि मी ते जेवलो. मी पास झालो, लग्न झालं, प्रॅक्टिस जमली. सरांची बदली दूर कुठेतरी केली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि करडीला जाऊन राहिले, हे कानावर आलं होतं.

सहा-सात वर्षांनी मी करडीला गेलो. स्वतःचं हॉस्पिटल उघडत होतो, त्याची पत्रिका द्यायचं निमित्त. खरं तर मला बोलून मोकळं व्हायचं होतं. गाडी नवी होती. सरांच्या अंगणात दहा-बारा माणसं बसली होती, आणि सर त्यांच्यात, जमिनीवर. केस पांढरे झालेले. समोरच्या माणसाचे ताठ पाय ते वाकवून बघत होते. कुणाला शिकवत नव्हते. शिकायला कुणी नव्हतंच.

मी पत्रिका दिली. मग त्यांच्याशेजारी बसून, सगळ्यांसमोरच, सांगून टाकलं. "सर, ती नोंद माझी होती."

"मालूम आहे," सर म्हणाले. "तुझं अक्षर मले ओळखू येत नाई काय?"

"मग तुम्ही नाव का सांगितलं नाही?"

"ते चहा पिऊन राहिले होते तवा मी मोहाखाली कायले उभा होतो? वाटलं, येईन पोट्टा. एवढी वर्सं घरोघर पाठवलं, एवढं तं शिकला असन." त्यांनी त्या माणसाचा पाय हळूच खाली ठेवला. "तू नाई आला."

"मी आता लिहून देतो, सर. वर कळवतो."

"आता कोण वाचते? वही त्यायनं नेली ते नेलीच. अन् मले सांगून काय होते, मले तं तवाच मालूम होतं."

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात फाटकाशी चौघांनी खांद्यावरून एक बाज आणली. तापानं फणफणलेला माणूस, मान मागे ताठ. सरांनी मानेखाली हात घालून पाहिलं आणि लगेच उठले. "गाडी आणली ना तू? याले भंडाऱ्याले ने. एस.टी. गेली. ऐक, गेटवर सोडू नको. वॉर्डात जा, डॉक्टर धुंड, मान ताठ आहे म्हणून सांग, आत्ताच पाठीतलं पाणी काढायला लाव. हे गेटवर राहिले तं सकाळपर्यंत वऱ्हांड्यातच पडून राहतीन."

माणसाला मागच्या सीटवर त्यांनीच निजवला. दारात धोतर अडकत होतं ते खोचून दिलं. त्याची बायको घाबरून गाडीत बसेना, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बस माय, भेऊ नको. हा माझा विद्यार्थी आहे. आतपर्यंत तोच नेईन." मग ते वळले आणि उरलेल्या माणसांत जाऊन बसले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

भंडाऱ्याला पोचायला साडेचार वाजले. सहाला नागपुरात उद्घाटनाच्या पाहुण्यांची बैठक होती. सरकारी दवाखान्याच्या फाटकापाशी दोन माणसं हाताशी धरून मी रुग्णाला उतरवला. माझ्या नावाच्या छापील कागदावर इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, बायकोच्या हातात दिली आणि समोरची इमारत दाखवली.

"तुमी नाई येत काय साहेब?" तिनं विचारलं.

"चिठ्ठी दाखवा. लगेच घेतील," मी म्हणालो, आणि गाडी सुरू केली.

तो माणूस जगला की नाही, मला माहीत नाही. ते विचारायला करडीला जावं लागलं असतं.